ओळख पटायला अडुसष्ट वर्षे

आपल्याकडे खेड्यात एखादा नवखा पोरगा दिसला, म्हणजे पारावरचे म्हातारे त्याला आधी नाव विचारीत नाहीत. 'तू कोणाचा रे?' असे विचारतात. पोराने बापाचे नाव सांगितले, की म्हातारा त्याच्या आजोबांचे नाव काढतो, आजोळ विचारतो, आणि पाच मिनिटांत त्या पोराची जागा मुक्रर करून मोकळा होतो. नुसत्या नावावरून जे कळले नसते, ते नात्यावरून कळते.

आज मी जी हकीकत सांगणार आहे, ती अशाच एका नवख्याची आहे. तो डासाच्या शरीरात राहतो. तेथेच जन्मतो आणि तेथेच संपतो. १९२४ साली तो पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडला. १९३६ साली त्याला नाव मिळाले. आणि 'तू कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र १९९२ साल उजाडावे लागले. म्हणजे अडुसष्ट वर्षे! मी इतिहास शिकवणारा मनुष्य. सूक्ष्मदर्शकापेक्षा बखरी आणि कागदपत्रे यांच्याशी माझा परिचय अधिक. पण ही हकीकत मला आमच्याच घरची वाटते. पुरावा कशाला म्हणावे, तो केव्हा पुरेसा मानावा, आणि डोळ्यांना दिसलेली पण सिद्ध न झालेली गोष्ट कोठे टिपून ठेवावी, हे आमचे नेहमीचे प्रश्न तिच्यात पदोपदी येतात.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. जिवाणू म्हणजे एका पेशीचा जीव. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बहुतेक सगळे सारखेच दिसतात. कोणी काडीसारखा, कोणी ठिपक्यासारखा, कोणी वेटोळे घातलेला. चेहऱ्यावरून ओळखावे म्हटले तर त्यांना चेहराच नाही. म्हणून रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ च्या सुमारास एक रीत घालून दिली. जिवाणू वेगळा काढायचा, बशीतल्या घट्ट माध्यमावर एकटा वाढवायचा, आणि मग तो काय खातो, काय सोडतो, कोणता रंग धरतो, हे पाहून त्याची ओळख ठरवायची. हे माध्यम घट्ट करायला जे अगर वापरतात, ज्याला आपल्या घरांत चायना ग्रास म्हणतात, ते कॉखच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने, फानी हेस यांनी सुचवलेले. स्वयंपाकघरातली जेली त्या त्यावरच करीत असत. या रीतीच्या बळावर १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सापडला. १८८४ मध्ये कॉख कलकत्त्यास येऊन पटकीच्या जंतूचा शोध पुरा करून गेला. असे मोठे यश मिळाल्यावर ती रीत हाच कायदा झाला, यात नवल नाही.

परंतु या कायद्यात एक अट नकळत शिरली होती. जो एकटा वाढतो, त्यालाच ओळख. जो एकटा वाढत नाही, त्याचे काय? सृष्टीत असे पुष्कळ जिवाणू आहेत, की त्यांनी दुसऱ्या जिवाच्या पेशीत कायमचे बिऱ्हाड केले आहे. तेथेच त्यांना अन्न मिळते, तेथेच त्यांची वीण वाढते, आणि आईच्या अंड्यातून ते पुढच्या पिढीत जातात. याला आपण सहजीवन म्हणतो. कधी त्यात दोघांचेही भले असते, कधी एकाचेच. पण बशीत काढून ठेवले, की हे जिवाणू वाढत नाहीत. म्हणजे कॉखच्या कचेरीत या मंडळींची नोंदच होऊ शकत नव्हती. ती दिसत होती, आणि तरीही बेवारस होती.

आता आपण अमेरिकेत बॉस्टन शहरी जाऊ. तेथील हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात सिमियन बर्ट वोल्बाक नावाचे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. पहिल्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात टायफस या तापाने थैमान घातले होते. हा ताप उवांवाटे पसरतो. त्याचा जंतू पेशीबाहेर वाढत नाही, आणि त्याच्या मागे लागलेल्या संशोधकांचा त्याने बळीही घेतला होता. हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये आणि स्टानिस्लाउस प्रोवाझेक १९१५ मध्ये या तापानेच गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्या जंतूला रिकेट्सिया प्रोवाझेकी असे नाव पडले. वोल्बाक यांनी १९२० मध्ये पोलंडला जाऊन या रोगाचा अभ्यास केला होता. परत आल्यावर त्यांच्या मनात साहजिकच एक प्रश्न आला. उवेच्या शरीरात असा जंतू असतो, तर बाकीच्या किड्यांत काय काय असते?

ते आणि त्यांचे तरुण सहकारी मार्शल हर्टिग यांनी नाना तऱ्हेचे कीटक उघडून पाहण्याचा सपाटा लावला. १९२४ साली त्यांनी जो निबंध छापला, त्यात क्युलेक्स पिपियन्स या घरगुती डासाच्या जननेंद्रियांत दिसलेल्या बारीक जंतूंची नोंद आहे. हर्टिग मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी चिकाटीने काम चालू ठेवले आणि १९३६ साली त्या जंतूचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याच्या नावावरून त्यांनी त्याला वोल्बाकिया पिपियंटिस हे नाव दिले. आकार, रंग धरण्याची तऱ्हा आणि पेशीतला मुक्काम एवढ्यावरून त्यांनी त्याला रिकेट्सियांच्या घरात बसवले. हा अंदाज होता. अंदाज करणाऱ्याचा हात चांगला होता, हे पुढे दिसेलच.

पण मग पुढे काय? काही नाही! डास धडधाकट होते. माणसाला त्या जंतूपासून रोग होत नव्हता. बशीत तो वाढत नव्हता. अशा निरुपद्रवी भाडेकरूची चौकशी कोण करणार? नाव दप्तरात पडून राहिले.

इकडे दुसऱ्याच एका खोलीत दुसरेच नाटक चालले होते. जर्मनीत हान्स लाव्हेन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ त्याच क्युलेक्स डासांचे संकर करून पाहत होते. १९५० च्या सुमारास त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दोन ठिकाणांहून डास आणले. एकीकडचा नर आणि दुसरीकडची मादी एकत्र केली, तर पिल्ले नीट होत. तेच उलट केले, म्हणजे दुसरीकडचा नर आणि पहिलीकडची मादी घेतली, तर मादी अंडी घाली, पण त्यांतून अळ्याच बाहेर पडत नसत. डास तेच, जात तीच. मग बाप कोण आणि आई कोण एवढ्यावरच वंश चालावा किंवा खुंटावा, हे कसे? लाव्हेन यांनी वर्षानुवर्षे संकर केले आणि दाखवून दिले, की ही गोष्ट फक्त आईकडून पुढे जाते. रंगसूत्रांशी तिचा संबंध नाही. अंड्यातल्या केंद्राबाहेरच्या द्रव्यात काहीतरी आहे. काय आहे, ते सांगता येत नव्हते.

कारण ठाऊक नसले, तरी उपयोग करता येतो. आपले वैदूही हेच करीत आले आहेत. लाव्हेन यांच्या मनात आले, की गावात अशा परक्या वाणाचे नर सोडले, तर गावातल्या माद्यांची अंडी वांझ होतील आणि डास संपतील. १९६७ साली ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, रंगूनजवळच्या ओक्पो या लहानशा खेड्यात त्यांनी हा प्रयोग केला. नर डास चावत नाही, तेव्हा गावकऱ्यांना त्रास नव्हता. रोज हजारो नर सोडण्यात आले, आणि मोहिमेच्या अखेरीस गावात सापडणारे अंड्यांचे पुंजके जवळजवळ सगळे वांझ निघू लागले. औषधाचा एक थेंबही न फवारता! तेथे हा डास मुख्यतः हत्तीपायाचा वाहक म्हणून नकोसा होता. हत्तीपायाची गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

या यशानंतर आपल्या दिल्लीतही जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे एक केंद्र काढले. त्याला पैसा अमेरिकेचा होता. वर्तमानपत्रांतून आणि संसदेत संशयाचे मोहोळ उठले. हे डास नेमके कशासाठी सोडणार, खरा हेतू काय, असे प्रश्न विचारले गेले, आणि १९७५ मध्ये ते केंद्र बंद पडले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. एवढेच म्हणतो, की लोकांच्या अंगणात काही सोडायचे असेल, तर 'हे काय आहे आणि कोणाचे आहे?' हे विचारण्याचा लोकांना हक्क आहे. उत्तर देणाऱ्यालाही ते नीट ठाऊक असले पाहिजे.

तर १९३६ चे हर्टिगांचे टिपण एका फळीवर आणि लाव्हेन यांच्या वांझ अंड्यांचे टिपण दुसऱ्या फळीवर. डास एकच. ही दोन टिपणे एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील जॅनिस येन आणि राल्फ बार यांनी केले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. अंड्यातल्या द्रव्यात जे 'काहीतरी' आहे, ते म्हणजे हाच भाडेकरू जिवाणू असेल काय? जिवाणू असेल, तर जिवाणूंवरच्या औषधाने तो मेला पाहिजे. त्यांनी डासांना टेट्रासायक्लिन दिले. जिवाणू गेले, आणि त्याबरोबर नरांचा वांझपणा आणण्याचा गुणही गेला! चोर घरात असतानाच चोऱ्या होतात आणि चोराला बाहेर काढले की थांबतात, असा हा पुरावा. जिवाणू असलेल्या नराच्या बीजात काहीएक बिघाड करून ठेवलेला असतो, आणि तो दुरुस्त करण्याची किल्ली फक्त तशाच जिवाणूने भरलेल्या अंड्यापाशी असते, असा या कारभाराचा अर्थ पुढे लागला. यात जिवाणूचा स्वार्थ उघड आहे. त्याला बाळगणाऱ्या माद्यांचा वंश वाढतो, न बाळगणाऱ्यांचा खुंटतो.

इतके कळले, तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. पिठातल्या भुंग्यांत, साठवणीच्या धान्यातल्या पतंगांत, फळांवरच्या चिलटांत अशीच उलटसुलट वांझपणाची उदाहरणे सापडत होती. त्यांच्या पेशींतही ठिपके दिसत होते. हे सगळे एकाच घराण्यातले, की वेगवेगळ्या मुलखांतून आलेले उपरे? औषधाने मरतो एवढ्यावरून तो जिवाणू आहे हे कळते. कोणता जिवाणू, ते कळत नाही.

येथे आमच्या शास्त्रातील एक दाखला देतो, म्हणजे पुढची युक्ती लगेच समजेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या पंडितांपुढे नाना लिप्यांतल्या पोथ्यांचा ढीग होता. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, हे कसे ठरवायचे? पुष्कळ पोथ्यांवर ना लेखकाचे नाव, ना शक. तेव्हा पाठ ताडून पाहायचे. नक्कल करणाऱ्याच्या हातून चूक होते. त्याच्या नकलेवरून जे नकला करतात, त्यांच्यातही ती चूक उतरते. दोन पोथ्यांत तेच ते विशिष्ट पाठभेद ओळीने सापडले, म्हणजे त्या एका घरच्या. असे करीत करीत पोथ्यांची वंशावळ लावता येते.

जिवाणूंच्या बाबतीत हीच युक्ती अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोज यांनी लढवली. प्रत्येक जिवंत पेशीत रायबोसोम नावाचे लहान लहान कारखाने असतात. प्रथिने तेथे तयार होतात. या कारखान्याचा एक भाग आरएनए या द्रव्याचा, म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेल्या एका लांब ओळीचा असतो. जिवाणूंत ती सुमारे दीड हजार अक्षरांची असते. तिला सोळा-एस असे तांत्रिक नाव आहे. हा मजकूर सगळ्यांपाशी असतो, कारण त्यावाचून कोणाचेच चालत नाही. त्यातला काही भाग इतका नाजूक, की कोट्यवधी वर्षांत त्यात अक्षराचाही फरक पडत नाही. काही भागात मात्र हळूहळू पाठभेद साचत जातात. वोज यांनी हे पाठ ताडून पाहण्यात वर्षे घालवली. १९७७ मध्ये त्यांनी जॉर्ज फॉक्स यांच्यासह दाखवून दिले, की ज्यांना आपण सरसकट जिवाणू म्हणत होतो, त्यांत एक निराळीच आदिम शाखा दडलेली आहे. पाठभेदांवरून जिवांचे कूळ लावता येते, हे तेव्हापासून मान्य झाले.

तरीही एक अडचण होती. पाठ वाचायला पुरेसा मजकूर हाती हवा, आणि त्यासाठी पुन्हा जिवाणू भरपूर वाढवायला हवेत. ती अडचण १९८३ साली कॅरी मुलिस यांना सुचलेल्या पीसीआर या युक्तीने दूर केली. करोनाच्या साथीत हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले आहे. या युक्तीने डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या काही तासांत अब्जावधी नकला करता येतात. फक्त तुकड्याच्या दोन्ही टोकांची थोडी अक्षरे ठाऊक असावी लागतात. आता गंमत पाहा. सोळा-एसच्या ओळीत न बदलणारे भाग असतात, असे मघाशी सांगितले. ते भाग बहुतेक सगळ्या जिवाणूंत सारखेच. म्हणजे टोकांची अक्षरे आपल्याला आधीपासून ठाऊकच आहेत! मधला मजकूर ठाऊक नसला तरी चालतो. डासाचे ऊतक घ्यायचे, त्यातला सगळा डीएनए, डासाचा आणि भाडेकरूचा, एकत्रच काढायचा, आणि जिवाणूंच्या टोकांना जुळणारी सुरुवात देऊन यंत्र चालवायचे. डासाची आपली ओळ निराळी असल्यामुळे ती बाजूला राहते. नकला होतात त्या भाडेकरूच्या. त्याला घरातून बाहेर काढावे लागत नाही, बशीत वाढवावे लागत नाही. तो जेथे आहे तेथेच त्याची जबानी घेता येते.

अर्थात हलगर्जीपणा करून चालत नाही. आतड्यातला एखादा भलताच जिवाणू किंवा प्रयोगशाळेतली धूळसुद्धा साक्ष देऊन जाते. म्हणून मिळालेल्या मजकुराशी जुळणारा, चमकणारा एक लहान तुकडा तयार करतात आणि तो पेशीतल्या नेमक्या त्याच ठिपक्यांना चिकटतो का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चिकटला, तर ओळख पक्की. आमच्याकडे कागद अस्सल की बनावट हे ठरवताना जशी मोर्तब आणि हस्ताक्षर दोन्ही पाहतात, तशातलीच ही गोष्ट.

१९९२ साली इलिनॉय विद्यापीठातच, म्हणजे वोज यांच्याच विद्यापीठात, स्कॉट ओनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डास, चिलट, पिठातला भुंगा, पतंग अशा निरनिराळ्या कीटकांतल्या भाडेकरूंचे हे पाठ वाचून ताडून पाहिले. दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली ही, की ते सगळे एकाच घराण्यातले, वोल्बाकियाच होते. आणि त्यांचे भाऊबंद रिकेट्सिया व त्यांच्या जवळचे जंतू होते. हर्टिग यांनी १९३६ मध्ये नुसत्या डोळ्याने आणि रंगाने केलेला अंदाज मोठ्या मानाने बरोबर ठरला!

दुसरी गोष्ट जास्त चकित करणारी होती. डास आणि भुंगा यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. भाडेकरू जर तेव्हापासून आईकडून मुलीकडे असेच येत असते, तर त्यांच्या पाठांतही तितकेच अंतर पडायला हवे होते. ते पडलेले नव्हते. दूरदूरच्या कीटकांतले भाडेकरू जवळजवळ सारखेच होते. याचा अर्थ, हा जिवाणू एका कीटकाच्या जातीतून दुसऱ्या जातीत बिऱ्हाड हलवीत हिंडला आहे. ही गोष्ट कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसली नसती. ती दीड हजार अक्षरांच्या ओळीत लिहिलेली होती. मग ज्याने त्याने आपापले किडे तपासायला सुरुवात केली. उसाच्या खोडकिडीवर आपले शेतकरी ट्रायकोकार्ड बांधतात. त्यातली बारीक परोपजीवी माशी ज्या ट्रायकोग्रामा कुळातली, त्या कुळातल्या काही जातींत नरावाचून माद्याच माद्या निपजतात. त्याच्या मागेही हाच जिवाणू आहे, हे १९९३ मध्ये उघड झाले. आज कीटकांच्या जवळजवळ निम्म्या जातींत तो असावा, असे अंदाज आहेत.

आता हत्तीपायाकडे वळू. हा रोग सुतासारख्या बारीक कृमींमुळे होतो. क्युलेक्स डास त्या एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेतो. रसवाहिन्यांत त्या वर्षानुवर्षे राहतात. हळूहळू पाय सुजतो, कातडी जाड होते, आणि माणूस कामातून आणि समाजातूनही उठतो. आपल्याकडे विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हे दुःख पिढ्यान् पिढ्या लोकांनी पाहिलेले आहे. रात्री रक्त तपासायला येणारी पथके तिकडच्या लोकांच्या परिचयाची आहेत. रक्तातली पिले रात्रीच वर येतात म्हणून तपासणी रात्रीची.

१९७० नंतरच्या काही वर्षांत या जातीच्या कृमींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणाऱ्यांना त्यांच्या पेशींत जिवाणूसारखे ठिपके दिसले होते. १९७५ आणि १९७७ मध्ये ते छापूनही आले. परंतु पुन्हा तीच गत! वाढवता येत नाहीत, ओळखता येत नाहीत, तेव्हा टिपण दप्तरात. १९९५ मध्ये इटलीतील संशोधकांनी कुत्र्याच्या हृदयात होणाऱ्या तशाच एका कृमीतल्या या ठिपक्यांचा पाठ वाचला. तो निघाला वोल्बाकियाचा जवळचा नातलग. पुढे हत्तीपायाच्या कृमींतही तोच सापडला. डासात एक वोल्बाकिया, आणि तो डास ज्या कृमीला वाहून नेतो, तिच्या पोटात त्याच घराण्यातला दुसरा!

येथे नात्याचे महत्त्व ध्यानात येते. ठिपक्यांना नुसते 'ठिपके' म्हणत होते, तोवर त्यांचे काय करावे हे कोणाला सुचत नव्हते. ते रिकेट्सियांचे भाऊबंद आहेत असे कळताच वैद्यांना ठाऊक असलेली गोष्ट आठवली: रिकेट्सिया टेट्रासायक्लिनच्या घराण्यातल्या औषधांनी मरतात. १९९९ मध्ये जर्मनीतील आखिम होराउफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. औषधाने कृमींतले जिवाणू मेले, आणि पाठोपाठ कृमींची वाढ आणि वीण खुंटली. या गटातल्या एका कृमीत वोल्बाकिया मुळातच नसतो. तिच्यावर त्याच औषधाचा काही परिणाम झाला नाही. याहून स्वच्छ साक्ष कोणती? २००० मध्ये आफ्रिकेतील घाना देशात, माणसाला आंधळे करणाऱ्या अशाच एका कृमीच्या रोग्यांना डॉक्सिसायक्लिन दिले, तेव्हा त्या कृमी वांझ झाल्या. २००५ मध्ये टांझानियातील हत्तीपायाच्या कृमींवर आठ आठवडे हेच औषध देऊन मोठ्या कृमीही मरतात असे दिसले. कृमीला मारायचे, तर तिच्या भाडेकरूला मारावे!

हे औषध म्हणजे रामबाण, असे मात्र कोणी समजू नये. ते कित्येक आठवडे रोज घ्यावे लागते. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते देत नाहीत. म्हणून गावेच्या गावे एकदम औषध घेतात, त्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल यांसारख्या एका बैठकीत घ्यायच्या गोळ्याच वापरतात. फार सुजलेला पाय कृमी मेल्याने पूर्ववत होत नाही, हेही खरे. पण रोग्याच्या अंगातल्या मोठ्या कृमींना मारणारा एक नवा मार्ग सापडला, आणि तो सापडला भाडेकरूचे कूळ कळल्यामुळे.

कृमी आणि कीटक यांतल्या वोल्बाकियांच्या वागण्यात एक भेदही पाठ ताडून पाहताना आढळला. कीटकांत हा जिवाणू फिरस्ता आहे, पुष्कळदा उपद्रवीही आहे. कृमींत मात्र त्याची आणि तिची वंशावळ बरीचशी जोडीने चालते. तेथे तो घरचाच झाला आहे, इतका की तो नसेल तर घरही राहत नाही. एकाच घराण्यातली दोन भावंडे. एकाने गावोगाव हिंडण्याचा मार्ग धरला, दुसऱ्याने एकाच उंबऱ्याशी आयुष्य बांधले. 'सहजीवन' हा एक शब्द आपण दोघांना लावतो, पण त्यातला अर्थ एक नाही.

राहता राहिली डेंग्यूची गोष्ट. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात हा जिवाणू स्वभावतः जवळजवळ आढळत नाही. ओनील यांनी चिलटातला वोल्बाकिया त्या डासात वसवण्याचा ध्यास घेतला आणि पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर ते साधले. असा डास डेंग्यूचा विषाणू सहजासहजी पुढे देत नाही, असेही आढळून आले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ असे डास मोकळे सोडण्यात आले, आणि या वेळी घरोघर जाऊन लोकांची संमती आधी मिळवण्यात आली. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात झालेल्या मोठ्या चाचणीचे फलित २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या भागांत हे डास सोडले, तेथे डेंग्यूचे रोगी सुमारे सत्त्याहत्तर टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे पुदुच्चेरी येथील वाहक नियंत्रण संशोधन केंद्राने २०२२ मध्ये वोल्बाकिया असलेले भारतीय एडिस डासांचे वाण तयार केल्याचे जाहीर केले. दिल्लीच्या केंद्रावर पडदा पडला, त्याला तोवर सत्तेचाळीस वर्षे झाली होती. आज हे डास सोडायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. फरक एवढाच, की 'हे कोणाचे?' याचे उत्तर आता देता येते, अक्षरागणिक देता येते.

ही हकीकत मी सांगितली, ती जिवाणूचे कौतुक करण्यासाठी नव्हे. मला विचार करायला लावतात, ते हर्टिग. त्यांना दिसले, ते त्यांनी लिहिले. जेवढे ठाऊक होते तेवढेच लिहिले. अंदाज केला, तो अंदाज म्हणून केला. बशीत वाढत नाही म्हणून ती गोष्ट नाहीच, असे म्हणाले नाहीत. आणि दिसली म्हणून सिद्ध झाली, असेही म्हणाले नाहीत. पस्तीस वर्षांनी येन आणि बार यांना तेच टिपण उपयोगी पडले, आणि त्यापुढे एकवीस वर्षांनी ओनील यांना त्याचाच धागा पुढे नेता आला. कृमींतले ठिपके पाहून छापणाऱ्यांचेही तेच. त्यांनी ते छापले नसते, तर १९९५ मध्ये कोणी कृमीत जिवाणू शोधायला गेले असते की नाही, कोण सांगणार?

आपल्या घरांतल्या जुन्या दप्तरांत असे कितीतरी कागद असतात. अक्षर लागत नाही, शिक्का ओळखीचा नाही, म्हणून आपण ते रद्दीत घालतो. माझे विद्यार्थी कधी असा एखादा कागद घेऊन येतात आणि 'सर, याचा काही उपयोग आहे का?' असे विचारतात. मी त्यांना सांगतो, की आज नसेल. नीट घडी घाल, कोठे आणि कोणाच्या घरी सापडला ते मागे लिहून ठेव, आणि जपून ठेव. तो कोणाचा, हे सांगणारे माणूस अजून यायचे असेल.